रंगवलेला खटका

कोकणातल्या एका दलालाने मला आधीच तुटलेला लोखंडी खटका पुट्टी भरून आणि वरून पांढरा रंग मारून विकला. फसवणारा तो आणि फसलेली मी. पण नुकसान झालं तिसऱ्याचं. माझ्या लाँचवरच्या नावाड्याच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं त्या खटक्यापायी गेली, आणि आज पुसदजवळच्या आमच्या धरणाच्या घाटावर लोक म्हणतात की चूक त्याचीच, त्याने खटका नीट टाकला नाही. लोकांचं मी सोडून दिलं असतं. पण त्यालाही तसंच वाटतं. त्याला तसं वाटू नये एवढ्यासाठी हे लिहायला बसले आहे, आणि खरं सांगायचं तर बसायचाही कंटाळा आला आहे.

ज्यांनी अशी लाँच जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पाण्यात एका जागी थांबायचं असेल तर लाँचच्या नाकावरून नांगर खाली सोडतात. नांगर तळाच्या गाळात रुततो आणि साखळीने लाँच धरून ठेवतो. तो परत वर ओढायला विजेवर चालणारं एक यंत्र असतं. यंत्र थांबवलं की साखळी मागे पळू नये म्हणून एक लोखंडी जीभ साखळीच्या कडीत पाडतात. तो खटका. एवढासा तुकडा, माझ्या मुठीत मावतो. सगळी लाँच ओढ घेते तेव्हा तिचा भार त्याच्यावर असतो.

मी मूळची महागाव तालुक्यातली. लग्न होऊन वणीला गेले. नवरा होता, नंतर नव्हता. त्याबद्दल इथे काही लिहायचं नाही. टोपलीत वांगी-टमाटे घेऊन वणीच्या बाजारात बसायला लागले, टोपलीची हातगाडी झाली, आणि पुढे कोळशाच्या ट्रकवाल्यांसाठी मेस काढली. वीस वर्षं त्या मेसमध्ये मी डाळीवरची कोळशाची धूळ फडक्याने वारली. ड्रायव्हर लोक मला मावशी म्हणत आणि मागे काय म्हणत तेही मला माहीत होतं. जीभ तिखट आहे माझी. ती तशी नसती तर मी अजून टोपलीवरच बसले असते.

बाजारात एक रीत असते. गिऱ्हाईकाने भाजी घेतली की ते थोडं काहीतरी वर मागतं. चार मिरच्या, कोथिंबिरीच्या दोन काड्या, कढीपत्ता. ते मोजायचं नसतं, त्यावर बोलायचं नसतं. देणारा ते निवडून देत नाही आणि घेणारा ते उलटून पाहत नाही. मी आयुष्यभर वर दिलं. देताना पिवळी पडलेली काडीच आधी हाताला यायची, हेही कबूल करते.

मेस बहिणीच्या हवाली करून मी माहेरच्या बाजूला परत यायचं ठरवलं तेव्हा डोक्यात एकच होतं, जिथे धूळ नाही असा धंदा. धरणाच्या पाण्यावर एक लाँच फिरवायची, वर जेवण द्यायचं. पुसदचे डॉक्टर, मास्तर, दुकानदार रविवारी कुठे जायचं म्हणून डोकं खाजवत असतात. परवानगीच्या कागदांना दीड वर्ष गेलं. मग मी लाँच पाहायला कोकणात गेले.

दलाल तिला यॉट म्हणत होता. आत झोपायला दोन फळ्या, छोटा ओटा, समोर काच, काचेमागे चाक. त्याने मला शहाळं पाजलं आणि मॅडम म्हटलं. मी इंजिन चार वेळा सुरू करायला लावलं. तेल बोटावर घेऊन वास घेतला. खालचा सगळा भाग वाकून, कलिंगड वाजवतात तसा, बोटाने वाजवत गेले. दोन दिवस आमची घासाघीस चालली.

“मॅडम, तुम्ही मला झोपवणार,” तो म्हणाला.

“झोप लागते म्हणजे तब्येत चांगली आहे तुमची.”

शेवटी भाव जुळला. त्याने कागद पुढे ओढला आणि म्हणाला, “नांगर, साखळी आणि ते यंत्र मी वेगळं धरलंय हं.”

“ते वर द्या,” मी म्हटलं. “आयुष्यभर लोकांना कोथिंबीर वर दिली. मला कोणी कधी द्यायचं?”

तो हसला. नको इतका लवकर हसला, हे मला आज समजतं. म्हणाला, “ठीक आहे, घेऊन जा. पण मग बिलात टाकत नाही.”

“नका टाकू,” मी म्हटलं, आणि माझ्या मनात लाडू फुटला.

यंत्र पांढरंशुभ्र होतं. नवा रंग होता, वास येत होता. इंजिनाचं तेल हुंगणारी मी त्या रंगाकडे पाहून फक्त छान म्हणाले. आणि वांगी विकायच्या पहिल्या वर्षात मीच शिळ्या वांग्यांवर तेलाचा फडका फिरवत असे. सकाळच्या उन्हात ती नवरीसारखी दिसत. ज्या बाईने हे केलं आहे तिला नव्या रंगाचा संशय यायला हवा होता. पण ते वर मिळालेलं होतं. वर मिळालेलं कोणी उलटून पाहत नाही.

जाताना त्याने मला यंत्र दाखवलं. “हे बटण खाली, नांगर जातो. वर, नांगर येतो. मग हा खटका टाका. बास.” एक इंग्रजी पुस्तिका हातात दिली. ती मी चाकाखालच्या खणात टाकली.

ट्रेलरवर लादून लाँच जिल्ह्यात आली तेव्हा महागावच्या चौकात गर्दी जमली. पानटपरीवरचा एक जण ओरडला, “काय वं मावशी, समुद्र मांगून येऊन राह्यला काय?”

“हो,” मी केबिनमधून म्हटलं. “तुह्याच वावरातून रस्ता काढला त्याले.”

तो दिवस चांगला होता.

नावाडी मला घाटावरच मिळाला. साठीच्या आसपासचा, धरणाच्या पाण्यावर मासेमारी करणारा. सगळा घाट त्याला मामा म्हणे, मग मीही म्हणू लागले. त्याचा स्वतःचा छोटा डोंगा होता. जाळी तो स्वतः विणायचा, आणि आसपासच्या चार गावांतली माणसं फाटलेलं जाळं त्याच्याकडे टाकून जात. बोलायचा कमी. घाटावर कोणाचा डोंगा अडकला, कोणाचा दोर गुंतला की लोक म्हणत, मामाला बोलवा. त्याचं घाटावर जे काही होतं ते एवढंच, की पाण्यावर त्याचा हात चुकत नाही.

पहिल्याच दिवशी मी माझी अक्कल दाखवली. नांगर तळाला टेकला तशी मी साखळी घट्ट बांधून टाकली. अर्ध्या तासात लाँच सरकत सरकत खडकांकडे निघाली. मामाने इंजिन सुरू केलं, तिला परत आणलं, आणि साखळी सोडत गेला, सोडत गेला, मला वाटलं संपवतोच.

“एवढी कायले?” मी विचारलं.

“ताई, तुम्ही इले बैलावानी बांधली. बैल जवळ बांधते माणूस, थो शिंग मारते म्हणून. इले जवळ बांधली तं नांगर उभा ओढल्या जाते, निघून येते. लांब सोडली तं नांगर आडवा पडते, माती धरते. पाणी जितकं खोल, त्याच्या पाचपट सोडा. वारा असला तं सातपट.”

मग त्याने मला एकेक शिकवलं. नांगर नेहमी नाकावरून, मागून कधीच नाही. मागून बांधलं तर लाट सरळ आत येते. नांगर फेकायचा नाही, लाँच थांबवून हळूहळू खाली सोडायचा. दोराच्या वेटोळ्यात पाय ठेवायचा नाही. “साप चावते तरी,” तो म्हणाला, “हे वेटोळं चावत नाही, सीधं घेऊन जाते.” साखळीचं मागचं टोक त्याने आतल्या कडीला लोखंडाने न बांधता दोराने बांधलं. का, तर वेळ आली तर सुरीने कापता यावं.

आणखी एक गोष्ट तो करायचा, आणि तिच्यावरून आमचं भांडण झालं.

या धरणाच्या पोटात जुनी शेतं आहेत, बांध आहेत, उभ्या बाभळींची खोडं आहेत. नांगर त्यांत अडकतो. म्हणून मामाने साखळी नांगराच्या खालच्या टोकाला जोडली, तिथून ती दांड्याला लावून वर आणली, आणि वरच्या कडीला नुसती सुतळीने बांधली. एरवी ओढ बसते ती वरच्या टोकाने, जशी बसायला हवी. नांगर अडकला आणि सरळ वरून जोर दिला की सुतळी तुटते, मग ओढ खालच्या टोकाला जाते आणि नांगर उलटा, शेपटीकडून निघून येतो. आज हे मी चार ओळींत लिहू शकते. तेव्हा मला दिसली ती फक्त सुतळी.

“मामा, एवढं जड लोखंड सुतळीवर?”

“तुटासाठीच बांधली ताई.”

“माणसं वर बसतात माझ्या लाँचवर. उद्या तुटली आन् लाँच खडकावर गेली तं लोक मले विचारतीन, तुले नाही. सोडा ते. त्या कोकणवाल्यानं जसं लावून दिलं होतं तसं लावा.”

“तुमची लाँच आहे,” तो म्हणाला.

त्याने पाना घेतला आणि साखळी वरच्या कडीला पक्की लावून टाकली. सुतळीचा तुकडा गुंडाळून खिशात ठेवला. मला वाटलं मी जिंकले. मी जिंकते तेव्हा समोरचा माणूस नेहमी असाच गप्प होतो, आणि त्या गप्पपणाकडे पाहायची सवय मी कधी लावून घेतली नाही.

पहिला हंगाम बरा गेला. हिवाळ्यात रविवारी दोन-दोन फेऱ्या होत. मी आत भाकरी थापायची, झुणका, ठेचा, वांग्याची भाजी, मामा चाकावर. नांगर टाकताना आणि काढताना तो नाकावर जायचा आणि मी चाकापाशी येऊन बटण दाबायची, कारण बटण तिथेच होतं. काचेतून मला त्याची पाठ दिसायची, हात दिसत नसत. हे चूक आहे, हात दिसलेच पाहिजेत आणि हाताच्या खुणा आधी ठरलेल्या पाहिजेत, हे त्या पुस्तिकेत पाचव्या पानावर चित्रासकट आहे. पुस्तिका खणातच होती.

मार्चमधला एक रविवार. पाणी उतरलं होतं. पुसदचं एक कुटुंब आलं होतं, आजीपासून सुनांपर्यंत. त्यांना पक्षी बसतात त्या खाडीसारख्या वळणात जेवायचं होतं. मामा म्हणाला, “तिथं बाभळी आहेत खाली. इकडंच थांबू.” सुनेचं तोंड पडलं. मी म्हटलं, जाऊ. जेवणं झाली, फोटो झाले. दुपारी तीनच्या सुमारास पश्चिमेकडून वारा सुटला आणि लाँच वरखाली होऊ लागली. आजींना मळमळायला लागलं. मुलगा म्हणाला, “चला आता लवकर.”

मी बटण दाबलं. साखळी आली, आली आणि थांबली. लाँचचं नाक खाली झुकलं. यंत्र कण्हायला लागलं.

मामा नाकावरून ओरडला, “ताई, बंद करा. बाभळीत गुतला.”

मी बंद केलं आणि बाजूच्या दारातून डोकं बाहेर काढलं.

“सोडून देतो,” तो म्हणाला. “रिकामा कॅन बांधून टाकतो साखळीले, वर तरंगत राहीन. उद्या सकाळी डोंग्यानं येऊन काढतो.”

“सोडायचा नाही. नवा नांगर आहे.”

“नवा असो का जुना, बाभळीले काय समजते.”

आजी आत ओकत होत्या. सून म्हणत होती, किती वेळ. मला चारी बाजूंनी लोक घाई करत आहेत असं वाटलं, की माझं डोकं फिरतं. मेसमध्ये दुपारी एक वाजता फिरायचं तसंच. मी म्हटलं, “मामा, शिकवू नका मले. ओढू द्या अजून एकदा.”

मी पुन्हा दाबलं. चार-पाच कड्या आल्या. मग यंत्रातून जळल्याचा वास आला आणि मी बोट काढलं. पुढचं मी दारातून पाहिलं, काचेतून नाही. मामाने खटका पाडला. हाताने पाडला, वरून टाचेने दाबला. खट्ट असा आवाज मी ऐकला. त्याने तो हलवूनही पाहिला. साखळी थांबलेली होती. मग तो वाकला, हातात एक दोर घेऊन. साखळीला दोर बांधून भार दुसऱ्या खुंट्यावर घ्यावा म्हणून. म्हणजे मी जे करायला सांगत होते तेच तो जरा कमी धोक्याने करू पाहत होता. एक लाट नाकाखाली आली. नाक उचललं गेलं. खटका तुटला आणि साखळी सुटली, आणि ती जिच्यावरून खाली उतरते त्या समोरच्या कप्पीत तिने त्याचा हात नेला.

सून किंचाळली.

साखळी शेवटपर्यंत पळाली आणि टोकाच्या दोरावर अडून राहिली. मी भाजी चिरायच्या सुरीने तो दोर कापला. नांगर, साखळी, सगळं खाली गेलं. तो हात मी माझ्या पदरात गुंडाळला, आणि चाक त्या घरच्या मुलाने धरलं. त्याला येत नव्हतं. मामा बसल्या बसल्या सांगत होता, डावीकडे घ्या, आता सरळ, आता हळू. स्वतःच्या रक्तात बसून त्याने आम्हाला घाटाला लावलं.

आधी पुसद, मग यवतमाळ. अंगठा राहिला आणि करंगळी राहिली.

औषधपाण्याचं मी पाहिलं, त्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही. पण मी दवाखान्यात जायची तेव्हा तो एकच विचारायचा. “ताई, म्या खटका पूर्ण पाडला होता ना?”

“पाडला होता. म्या आवाज ऐकला.”

“मंग सुटला कसा?”

तोपर्यंत घाटावर याचं उत्तर तयार झालं होतं. मामाचं वय झालं. मामाने घाई केली. मामाला यंत्राची सवय नाही, डोंग्याचा माणूस. हे बोलणारे तेच, ज्यांचे दोर त्याने आयुष्यभर सोडवून दिले. लोक वाईट नसतात. पण मोठा माणूस चुकला म्हटलं की लहान माणसाला जरा बसायला जागा होते.

मी लाँचवर गेले. खटक्याचं बूड यंत्राला तसंच होतं, तुटलेला तुकडा कडेच्या पन्हळीत पडला होता. दोन्ही काढून पुसदच्या एका वेल्डरकडे नेले. त्याने उजेडात धरून पाहिलं, नखाने खरवडलं आणि हसला.

“मावशी, हा आता नाही तुटला.”

“म्हणजे?”

“हे पाहा. तुटलेल्या तोंडावर अर्ध्याहून जास्त भागात जुना गंज आहे. वर्षाचा असन, दोनचा असन. त्याच्यावर पुट्टी. पुट्टीवर रंग. फक्त या काठाले चमक आहे, तेवढंच लोखंड आता तुटलं. म्हणजे हा एवढ्याशा काठावर लटकून होता. कोनं तरी पाहून, भरून, रंगवला हा.”

राग यायला हवा होता. येईल म्हणून वाट पाहिली. आधी नुसता थकवा आला, आणि मी त्याच्या दुकानातल्या स्टुलावर बसले. राग घरी गेल्यावर आला.

दलालाला फोन लावला.

“हां मॅडम, कशी आहे यॉट?”

मी सगळं सांगितलं. मला वाटतं मी शांतपणे सांगितलं. त्याने अरेरे म्हटलं, दोनदा.

“पण मॅडम, ते यंत्र तर मी तुम्हाला विकलंच नाही.”

“काय?”

“बिल काढा ना. बिलात कुठे आहे? तुम्हीच म्हणालात, वर द्या. मी दिलं. आता दिलेल्या वस्तूची गॅरंटी कोण देतं? तुम्ही धंद्यातल्या आहात, तुम्हाला काय सांगायचं.”

“चीर तुला दिसली होती का नव्हती, एवढंच सांग.”

“मॅडम, नीट बोला. शंभर बोटी जातात माझ्या हाताखालून. तुमच्या माणसाने खटका नीट टाकला नसेल. गावाकडच्या लोकांना सवय नसते याची.”

त्यानंतर मी काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. त्याने फोन ठेवला आणि पुन्हा कधी उचलला नाही. वकिलाकडे गेले. त्याने बिल पाहिलं, मागून-पुढून पाहिलं, आणि विचारलं, “यंत्र कुठे आहे यात?” मी कागद घेऊन परत आले. आयुष्यात जिथे जिथे जिंकले तिथले कागद मी जपून ठेवले आहेत. हा एक जपावासा वाटत नाही, पण फाडताही येत नाही.

त्या रात्री नाही, नंतर एका सकाळी, मी ती पुस्तिका खणातून काढली आणि फोनचा कॅमेरा धरून एकेक पान मराठीत करून वाचलं. मराठी धेडगुजरी होतं, पण कळत होतं. अडकलेला नांगर यंत्राने ओढू नये. लाँच इंजिनाने पुढे नेऊन त्याच्या डोक्यावर आणावी आणि दुसऱ्या बाजूने सैल करावा. साखळीला हात लावण्याआधी यंत्राची वीज तोडावी. नुसत्या खटक्यावर विसंबून साखळीपुढे वाकू नये. खटका, कप्पी, कड्या दर फेरीआधी तपासाव्यात. तळाला झाडं किंवा खडक असतील तर नांगराच्या खालच्या टोकाला वेगळा दोर बांधून वर फुगा ठेवावा. हे शेवटचं वाचून मी पुस्तिका मिटली. मामाने सुतळीने केलं होतं ते हेच, थोड्या वेगळ्या तऱ्हेने. त्याला वाचता येत नाही.

मग मी घाटावर गेले. सकाळी डोंगे परत येतात आणि सगळे चहाला जमतात त्या वेळी. मी उभं राहून सांगितलं की सुतळी मी काढायला लावली. बाभळीत जाऊ नका म्हणाला तर मी नेलं. सोडून देऊ म्हणाला तर मी नाही म्हटलं. आणि खटका आधीपासून तुटका होता, हा पाहा. तुकडा हातोहात फिरला. लोकांनी मान हलवली. मला वाटलं झालं.

दुसऱ्या दिवशी मी मामाकडे गेले, तर त्याच्या घरवालीने मला दारातच गाठलं. “लोक काय म्हणून राह्यले मालूम आहे का तुम्हाले? ताईचं मन मोठं हाय म्हणते. मामाची चूक आपल्यावर घेतली म्हणते.”

“म्या खरं तेच सांगतलं.”

“असन. पन तुमच्या तोंडचं खरं हाय, ताई. तुम्ही बाजारात सडकं टमाटंही खरं करून विकलं असन.” मग तिला वाईट वाटलं असावं, कारण तिने पाण्याचा तांब्या आणून दिला.

मामा आत बसला होता. समोर जाळं, डाव्या हातात विणायची सुई. उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि करंगळीने तो दोरा धरू पाहत होता. दोरा सुटत होता. मी तुकडा त्याच्यापुढे ठेवला. वेल्डरने दाखवलं तसं दाखवलं: हा गंज, ही पुट्टी, ही नवी चमक. सुई खाली ठेवून त्याने तो उलटून पाहिला.

“ताई,” तो म्हणाला, “तुम्ही माह्यं मन राखून राह्यल्या.”

“नाही मामा.”

“वेल्डर तुमचा. तुकडा तुमचा. तुम्ही चांगल्या मनानं करून राह्यल्या, मले कळते. पण म्या चाळीस वर्षं दोर बांधले. एकही सुटला नाही. आन् हा सुटला. बाकी सगळे नीट आन् तेवढा खटका तुटका, असं म्हणनं सोपं आहे.”

“मंग कोणाचं ऐकसान तुम्ही?”

तो हसला. “ज्यानं देला त्याचं. त्याले माह्यं मन राखाची काय गरज?”

त्याने सुई पुन्हा उचलली. डोंगा त्याने विकायला काढला आहे. गुंतलेला दोर घेऊन आता त्याच्याकडे कोणी येत नाही. हात गेला म्हणून येत नाहीत, असं मी म्हणते. हात चुकला म्हणून येत नाहीत, असं तो म्हणतो. लाँच घाटाला उभी आहे. नवा नांगर आणला आहे, बिलात लिहून आणला आहे, त्याला सुतळी बांधणारं माणूस नाही.

माझा वाटा मी घाटावर उभी राहून सांगितला, आणि कोणी पुन्हा विचारलं तर पुन्हा सांगेन. पण एक वाटा माझा नाही. तो खटका माझ्या हातात येण्याआधी कोणीतरी पुट्टीची पात हातात घेऊन त्या चिरेसमोर बसलं होतं. दलालसाहेब, तुम्ही होता, की तुमचा माणूस होता? ती चीर तुम्हाला दिसली होती. न दिसलेल्या चिरेत पुट्टी भरता येत नाही. मला यंत्राची किंमत नको, बिल नको, माफीही नको. माझ्याशी तुम्ही बोलला नाहीत तरी चालेल. पुसदला या. घाटावर सकाळच्या चहाला सगळे असतात. तिथे उभे राहा, तो तुकडा हातात घ्या आणि त्या माणसाकडे बघून सांगा, “मामा, खटका तुम्ही नीट पाडला होता, तुटका मी दिला होता.” तो फक्त तुमचं ऐकणार आहे. कधी येता, ते कळवा.